पेठ, पण ती नव्हे

माझ्या हातातला कप काढून घेतला गेला. हिसकावला नाही. फार सुसंस्कृत घर होतं ते. वहिनी उठल्या, गोड हसल्या, म्हणाल्या, "गार झाला असेल, दुसरा आणते." आणि मी दोन घोट घेतलेला निळ्या फुलांचा कप बशीसकट आत घेऊन गेल्या. चहावरून अजून वाफ निघत होती. जाता जाता खोबऱ्याच्या वड्यांची प्लेटही उचलली. वड्या गार होतात हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरा चहा आला. स्टीलच्या पेल्यात. पेल्याला पोचा, आणि बुडाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका. मोलकरणीचं भांडं घरच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून बायका अशी खूण करतात. माझ्या आईने नाशिकमध्ये चार घरची धुणीभांडी केली. प्रत्येक घरात तिचा एक पेला होता आणि त्याला ठिपका होता. मी डी.एड. झाले, मास्तरीण झाले, आणि वारशात मला काय मिळालं, तर ठिपका.

आता हा प्रवेश पहिल्यापासून सांगते, कारण तो फार रंगला होता.

दोन हजार एकचा फेब्रुवारी. जनगणना. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका, म्हणजे सरकारच्या हिशोबी जन्मजात प्रगणक. गंगापूर रोडच्या मागची बंगल्यांची कॉलनी माझ्या वाट्याला आली. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला फॉर्मची पिशवी. घंटी दाबायची की पडदा वर. रोज वीस-पंचवीस प्रयोग, आणि प्रेक्षक मी एकटी.

फॉर्ममध्ये एक रकाना होता. जन्म कुठे झाला? पुढे विचारायचं, इथे कधी आलात, कशासाठी आलात? या साध्या प्रश्नाने सभ्य माणसं जितकी अडखळली तितकी उत्पन्न विचारलं असतं तरी अडखळली नसती. एक गृहस्थ फाटकातच म्हणाले, "बाहेरून लोंढे येतायत ते आधी थांबवा, मग मोजा." जन्मठिकाण? इंदूर. दुसऱ्यांचा अंबडला कारखाना. "आमच्याकडे कामाला सगळे बाहेरचे." आणि तुम्ही, साहेब? "आम्ही बाहेरचे कसे? आमचा स्वतःचा प्लॉट आहे." एका बाईंनी मला बजावलं की त्या पक्क्या नाशिककर, घरात शुद्धच बोलतात. तेवढ्यात सटाण्याहून त्यांच्या आईचा फोन आला. "काय करी ऱ्हायनी माय?" या पक्क्या नाशिककर बाईंच्या तोंडून लोणी निघावं तशी अहिराणी निघाली. फोन ठेवून त्या परत शुद्ध झाल्या. मी मातृभाषेच्या रकान्यात त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. मराठी. हसले मात्र नाही. का हसले नाही, ते पुढे येईल.

तर अशा या आलेल्यांच्या गावात मी अण्णांच्या बंगल्यावर पोचले. अण्णा निवृत्त अधिकारी. कॉलनीचे अध्यक्ष. पांढरा शुभ्र लेंगा-सदरा. घराचा वरचा मजला चढत होता, म्हणून अंगणात वाळू, खडी, सिमेंटच्या गोण्या. अण्णांनी मला सोफ्यावर बसवलं. फॉर्म भरताना माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचे उच्चार फार स्वच्छ आहेत. मूळच्या कुठल्या?"

मी म्हटलं, "आम्ही कोकणी."

हे वाक्य मी अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहापासून वापरत होते. पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातली आमची जमात कोकणी. भाषाही कोकणी. पण कोकणी म्हटलं की ऐकणाऱ्याला आपोआप समुद्र दिसतो. माड दिसतात, फणस दिसतात. मी खोटं बोलत नसे. समोरचा स्वतःच्या अज्ञानात पोहत जाई आणि मी काठावर उभी राहून बघत असे. चतुराई होती ती माझी. असं मला वाटायचं.

अण्णा तर सूर मारूनच पाण्यात गेले. "अहो, म्हणजे आपल्याच की. आम्ही गुहागरकडचे. अगं, ऐकलंस का, या आपल्या कोकणातल्या निघाल्या."

वहिनी आल्या. चहा आला, वड्या आल्या. मॅडमची मी ताई झाले. "ताई, तरीच म्हटलं, बोलणं असं नितळ कसं. नाहीतर हल्ली शाळेत कोण कोण शिकवायला येतं, कोट्यातले. मुलांची भाषाच बिघडली." मी वडीचा तुकडा मोडला. "खरंय," म्हटलं.

हो. म्हटलं मी. इथे थांबून सांगते, म्हणजे पुढे मी फार शूर वाटायला नको. माझ्या जमातीच्या तोंडावर थुंकी पडली आणि मी "खरंय" म्हणून वडी खाल्ली.

"कोकणात कुठल्या पण?" वहिनींनी विचारलं.

याला माझं ठरलेलं उत्तर होतं. आत, डोंगराकडे. लोक तेवढ्यावर थांबत. पण तेवढ्यात अण्णांच्या मागच्या खिडकीतून एक बाईचा आवाज आला. बाहेर गॅरेजपाशी कुणीतरी पोरीवर करवादत होतं, पाणी सांडलं म्हणून. ते शब्द, ती ओढ, शेवटचा तो हेल. माझी आई मला याच हेलात रागवायची. बारा-तेरा वर्षं मी तो आवाज शहरात ऐकला की रस्ता ओलांडून पलीकडे जात होते. इथे ओलांडायला रस्ता नव्हता.

मी म्हटलं, "पेठ."

"पेठ म्हणजे पेठकिल्ला," अण्णा खुलले. "रत्नागिरी. माझी मावशी तिथलीच."

बघा, दैव किती उदार. नुसती मान हलवली असती तर अण्णांच्या मावशीची शेजारीण झाले असते. त्यांच्या चेहऱ्यावर अजून समुद्र होता.

"ती पेठ नव्हे, अण्णा. नाशिकचीच. सावळघाट चढून जायचं. आम्ही कोकणी, म्हणजे आदिवासी."

समुद्र ओसरला. ओहोटी मी प्रथमच इतक्या जवळून पाहिली. अण्णा चष्मा पुसू लागले. वहिनी कपाकडे बघू लागल्या. मग तो चहा गार झाला, वर सांगितलं तसा.

पेला समोर आला तेव्हा अण्णा म्हणाले, "तुमच्याकडे पाहून वाटत नाही हो." ही त्यांच्या मते पावती होती. "शिकलात, चांगलं झालं. नाहीतर तुम्ही लोक." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नसते. मॅडम, ताई, तुम्ही लोक. अर्ध्या तासात मी एक पायरी चढून पार तळाला उतरले होते आणि सोफ्यावरून हललेही नव्हते.

मी पेल्याला हात लावला नाही. फॉर्म काढला आणि म्हटलं, "गॅरेजमध्ये कोण राहतं?"

"कुणी नाही. कामावरचे मजूर."

"राहतात ना?"

"राहत नाहीत, असतात. त्यांना गावाकडे मोजतील."

आता यातली मेख सांगते. ती फक्त आम्हालाच कळते. आमच्याकडे भात आणि नागली झाली की हाताला काम नाही. दिवाळीनंतर गाव नाशिककडे उतरतं, द्राक्षबागांत, विटभट्ट्यांवर, बांधकामांवर. परत चढतं ते पावसाच्या तोंडावर. आणि मोजणी फेब्रुवारीत. गावातल्या मास्तराला दाराला कडी दिसते, तो लिहितो, नाशिकला गेले. नाशिकचा बंगलेवाला सांगतो, गावाकडे मोजतील. दोघेही खरं बोलतात. मधल्या मधे माणसं सांडतात. नियम स्पष्ट होता. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो जिथे मुक्कामाला, त्याला तिथेच मोजायचं.

मी बाहेर गेले. गॅरेजचं शटर अर्ध्यावर. आत तीन दगडांची चूल, गोण्यांचं अंथरूण, दोरीला बांधलेली झोळी. बाईचं नाव हिरा. नवरा वर स्लॅबवर. मोठी पोर पाण्याच्या डब्यापाशी, अजून फुरंगटलेली. मी शुद्ध मराठीत प्रश्न विचारले, तिने मान खाली घालून उत्तरं दिली.

"मातृभाषा?"

"मराठीच लिवा, बाई."

तिने कुठे वसतिगृह पाहिलं होतं? तरी तिला हे उत्तर पाठ होतं. आणि मला ते बरोबर ओळखू आलं. चार दिवसांपूर्वी माझ्या घरी दुसरे गुरुजी मोजणीला आले होते. आमच्या घरातल्या चौघांची मातृभाषा मीच सांगितली. मराठी. कोपऱ्यात बसलेली आई, जिला आजही मराठीची चार वाक्यं धड येत नाहीत, तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. म्हणून मी त्या सटाण्याच्या बाईंना हसू शकले नव्हते. आम्ही एकाच मंडळातल्या नट्या.

मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, "कठला गाव तुना?"

हिरा दचकली. वर पाहिलं. माझ्या साडीकडे, ओळखपत्राकडे, पुन्हा तोंडाकडे. मग हातातला चमचा तसाच धरून हसत सुटली. "अग बाय, तू आपली हाय?" तिचं गाव माझ्या मामाच्या गावापासून दोन डोंगर पलीकडे निघालं. मग प्रश्नांना उत्तरं आली ती चुलीच्या उबेने आली. मातृभाषा कोकणी. पुढे मी जमात लिहिली, म्हणजे कुणी तिलाही गुहागरला नेऊन सोडायला नको. झोळीतल्या बाळाचं नाव विचारलं.

"नाय ठेवलं. गावाला गेल्यावर ठेवू. इथं कोन हाय आपलं?"

नाव नसलं तरी माणूस मोजायचा असतो. मी लिहिलं. मुलगी, वय शून्य, जन्मठिकाण नाशिक. पंधरा दिवसांत त्या कॉलनीत मोजक्याच लोकांपुढे तसं लिहिलं होतं. गॅरेजमधली ती बिननावाची पोर, पक्की नाशिककर.

अण्णा मागे येऊन उभे होते. "हे काय चाललंय? उद्या हे कागद दाखवून इथे हक्क सांगतील. रेशनकार्ड काढतील. खोडा ते." मी खोडलं नाही. त्यांनी पर्यवेक्षकांना फोन लावला. पर्यवेक्षक म्हणजे दुसऱ्या एका शाळेचे मुख्याध्यापक. बजाज स्कूटरवरून दहा मिनिटांत हजर. अण्णांपुढे निम्मे वाकूनच आले. त्यांना चहा मिळाला. निळ्या फुलांचा कप.

"मॅडम, अण्णा सांगतात हे लोक इथले नाहीत."

"सर, अण्णाही इथले नाहीत. गुहागरचे आहेत. तरी मी त्यांना इथे मोजलं."

सरांना ठसका लागला. वहिनी पाणी आणायला धावल्या. अण्णा म्हणाले, "बघा, ही यांची भाषा. दोन अक्षरं शिकवली की अशी अंगावर येतात."

सर मला फाटकापर्यंत घेऊन आले. आवाज खाली. "कशाला वाकड्यात शिरता? चार माणसांनी नाशिकचं काय वाढणार की घटणार? फॉर्म नवा भरा, गॅरेज बंद दाखवा. तुमच्या मुख्याध्यापकांना मी ओळखतो. गोपनीय अहवाल त्यांच्या हातात असतो, हे विसरू नका."

भीती वाटली. नाही वाटली असं लिहिलं तर ते नाटक होईल. नोकरीवर चार माणसं जगत होती. आणि चार माणसं गॅरेजमध्ये होती. सरांनी खोडरबर असलेली पेन्सिल पुढे केली होती, जसं काही माणसं पुसायची सोय शिक्षणखात्यानेच करून ठेवली आहे.

मी म्हटलं, "सर, तुम्ही खोडा. तुमच्या अक्षरात. खाली सही करा आणि लिहा, माणसं होती, पण अण्णा नाही म्हणाले."

त्यांनी पेन्सिल खिशात घातली. भित्र्या माणसाचा एक फायदा असतो, तो आपल्या बाजूनेही भितो. फॉर्म तसाच गेला. माझा गोपनीय अहवाल त्या वर्षी खराब झाला. "सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाही." इतकं अचूक वाक्य माझ्याबद्दल सरकारने पुन्हा लिहिलं नाही.

पण माझं काम संपलं नव्हतं. मोजणीनंतर फेरतपासणीचे दिवस असतात. त्यात मी, माझ्या घरी मोजणीला आलेल्या त्या गुरुजींच्या शाळेत गेले. मधली सुट्टी होती, ते डबा खात होते.

"गुरुजी, माझ्या घराचा फॉर्म काढा. चूक आहे."

"कसली?"

"मातृभाषा. चौघांचीही. कोकणी लिहा. आमची, डोंगरातली."

"तुम्हीच तर मराठी सांगितली."

"खोटं सांगितलं."

ते घास थांबवून बघत राहिले. "असू द्या ना, मॅडम. एवढ्या लाखांत कोण बघतंय?"

"मी बघतेय," म्हटलं. "काढा."

त्यांनी हात धुतले, गठ्ठा सोडला. एकेक ओळ खोडली, मी समोर उभी राहून वाचली. चौथ्या ओळीला आईचं नाव होतं.

त्यानंतर मी कुणालाही अर्धं उत्तर दिलेलं नाही. मुलाखतीत, लग्नकार्यात, शिक्षकांच्या खोलीत. कुठल्या म्हणून विचारलं की पेठ. कोणती पेठ म्हणून विचारलं की जिल्हा, घाट, गाव, जमात, सगळं, आणि समोरच्याला मधे शिरायला जागा न ठेवता. त्यावर ज्याचा चेहरा उतरायचा त्याचा उतरतो. तो सावरायला मी मदत करत नाही. करणारही नाही.