कुलूप आतून

माझ्या थोरल्या भावाने माझ्या धाकट्या भावाला फसवलं. देवासमोर शब्द देऊन फसवलं, आणि तो सौदा मी जुळवून दिला होता. धाकटा, शशी, जाऊन आता सात आठवडे झाले. थोरला, ज्याला सगळं गावठाण दादा म्हणतं, रोज सकाळी चौकात चहा पितो, लोकांचे नमस्कार घेतो, आणि कुणी विषय काढलाच तर म्हणतो, "लई गुणी पोरगं हुतं." गुणी होतं, खरंय. म्हणूनच फसलं.

बातमी आली तेव्हा मी निघोज्याला माझ्या शेडमध्ये होतो. माझा धंदा जुन्या मशीनचा. बंद पडलेल्या वर्कशॉपमधून लेथ, प्रेस, ड्रिलिंग मशीन उचलायची, सुधारायची, विकायची. सकाळी सातच्या आत फोन आला, शशीच्या कंपनीतल्या एका माणसाचा. पहिल्या पाळीची बस गेटवर लागली, सगळे उतरले, शशी खिडकीशी बसून राहिला. डोळा लागला असेल म्हणून याने खांदा हलवला... एकेचाळिसाव्या वर्षी, हृदय. इअरफोन कानातच होते. तो माणूस मला दवाखान्याच्या व्हरांड्यात हळूच म्हणाला, "भाऊ, त्यात कुणीतरी अजून बोलत होतं." कोण बोलत होतं, हे मला विचारावं लागलं नाही.

आमच्या घरात खोलीला दिवसा आतून कडी लावायची पद्धत नाही. अजूनही नाही. लावली की आई दोन मिनिटांत दार वाजवणार, "काय करतुयास रं आत?" बारा-तेरा माणसांचं घर, प्रत्येक दार सताड उघडं. शशीला स्वतःची म्हणून एकच जागा होती, चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमधली डावीकडची खिडकी. तिथे तो एक मराठी श्राव्यमालिका ऐकायचा. हायवेकडेला पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या दोन पुरुषांची गोष्ट. दुकानाच्या मागेच ते राहतात, भांडतात, एकमेकांच्या डब्यातलं खातात, एकमेकांवर जीव टाकतात. शेवटच्या भागात शटर खाली येतं, कुलपाचा आवाज होतो, आणि आतून दोघांचं बोलणं ऐकू येतं, भाकरी करायची की भात. तिथे गोष्ट संपते. शशीने ती किती वेळा ऐकली असेल, देव जाणे.

मला त्याने हे सगळं पहिल्यांदा टेम्पोत सांगितलं. मागे एक लेथ बांधलेलं होतं, मी गाडी चालवत होतो. "नाना, मी लग्न करणार नाही. पोरी बघणं थांबवा. प्रकाश आहे." प्रकाशला मी ओळखत होतो, ड्रॉइंग शिकवणारा शांत माणूस, रहाटणीला राहणारा. शशीचा मित्र म्हणून दोनदा आमच्याकडे जेवूनही गेला होता. मी तापट माणूस. टेम्पो कडेला घेतला, नको ते बोललो, त्याला तिथेच उतरवून निघून गेलो. तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी तो शेडवर आला, काही न बोलता मशीन पुसायला लागला. म्हटलं, "जेवलास का?" झालं. आमच्यात माफी अशीच मागतात.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. धंद्यात माझा एक नियम आहे, जो पहिला बोलतो तो हरतो. मशीनभोवती दोन चकरा मारायच्या, चहा प्यायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, पण आपला आकडा आपण आधी उच्चारायचा नाही. शशीला हेच शिकवलं. म्हटलं, "तू घरात एक शब्द काढू नकोस. दादाला बोलू दे. मी बघतो." प्रकाशबद्दल दादाच्या कानावर आलं होतंच. त्याला गावात पत आहे, निवडणुकीचे वेध आहेत, त्याला काय नको आहे ते मला ठाऊक होतं. प्रकाश पुरुष आहे हे एक, आणि आपल्यातला नाही, बौद्ध आहे, हे दुसरं. यातलं एकही दादाने तोंडाने सांगितलं नाही. मी महिनाभर गप्प राहिलो, आणि एका सकाळी देवपूजा झाल्यावर तोच बोलला. "माज्या पोरीचं लगीन हुईस्तवर दोगं एका जागी दिसायला नकोत. लगीन झालं की त्यानं कुठंबी ऱ्हावं, कुणासंगबी ऱ्हावं. मी आडवा येनार न्हाई."

"भंडारा उचल," मी म्हणालो.

खंडोबाच्या टाकापुढची वाटी होती. दादाने चिमूटभर भंडारा उचलला, कपाळाला लावला, शशीच्याही कपाळाला लावला. आमच्याकडे याच्यापुढे कागद लागत नाही. मी त्या दिवशी खुशीत होतो. वाटलं, आयुष्यातला सगळ्यात अवघड सौदा आपण जिंकला.

त्या वाट बघण्याच्या दिवसांतच तो मेळावा झाला. आकुर्डीला, स्टेशनच्या बाजूला, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर. समलिंगी, ट्रान्स अशा माणसांनी आपल्या आवडत्या लेखकांना, चित्रकारांना, आवाज देणाऱ्यांना भेटायचं, असा छोटासा कार्यक्रम. खाली फलक नाही, फक्त जिन्याजवळ एक कागदी बाण. शशीच्या मालिकेची लेखिका मृदुला आणि त्यातल्या एका पुरुषाचा आवाज देणारा देवेन, दोघंही येणार होते. प्रकाशला येता आलं नाही, कारण सौद्यात अट होती, दोघं एका जागी दिसायचं नाही, आणि आकुर्डीत दादाला ओळखणारा माणूस दर चार पावलांवर भेटतो. मग शशी मला म्हणाला, "नाना, तू चल. घरी सांगू, मशीन बघायला चाललोय." रविवार होता. मी गेलो, आणि जिना चढताना दोनदा मागे वळून पाहिलं, हेही कबूल करतो.

वर साठ-सत्तर माणसं असतील. काही पोरांनी पंक्चरवाल्याचे काळे डाग पडलेले शर्ट मुद्दाम घातले होते, एकाच्या गळ्यात चक्क ट्यूब होती. मी म्हटलं, "ही तर फाटकी आहे." तो म्हणाला, "काका, म्हणूनच तर दुकानात आलोय." सगळे हसले, मीही हसलो. शशी मात्र भिंतीला टेकून उभा. देवेन माईकवर नुसतं "आवाज येतोय ना मागे?" म्हणाला, आणि शशीने माझं मनगट धरलं. इतकी वर्षं कानात ऐकलेला आवाज समोर, माणसाच्या तोंडातून येत होता. सडपातळ, चष्मेवाला, टक्कल पडायला लागलेला साधा माणूस. शशी कुजबुजला, "नाना, मला वाटलं होतं उंच असेल."

सही घ्यायची रांग लागली. बंद शटरचं एक चित्र छापलेलं होतं, त्यावर दोघं सही करून देत होते. शशीने काय बोलायचं हे आठवडाभर पाठ केलं होतं. त्यांच्या पुढ्यात पोचला आणि सगळं विसरला. एवढंच निघालं तोंडातून, "मी बसमध्ये ऐकतो."

"कुठल्या बसमध्ये?" मृदुलाने विचारलं.

"कंपनीच्या. चाकणला जाते." मग जरा थांबून, "मॅडम, एक विचारू? शेवटी ते कुलूप... आतून आहे का बाहेरून?"

देवेन हसला. "हिला सगळे हेच विचारतात, आणि ही कुणाला सांगत नाही."

मृदुला म्हणाली, "तुम्हाला कसं ऐकू येतं?"

शशी म्हणाला, "रोज वेगळं."

ती हसली नाही. तिने पेन उचललं, नाव विचारलं. शशीने आपलं सांगितलं. रांग सांभाळणारी मुलगी म्हणाली, "एका चित्रावर एकच नाव हं, मागे खूप जण आहेत." शशी मान डोलवून वळणार, तेवढ्यात माझ्यातला सौदेवाला जागा झाला. म्हटलं, "ताई, मी पण रांगेत आहे ना? मला चित्र नको. माझ्या नंबरावर याच चित्रावर दुसरं नाव टाका."

"काका, तुम्ही मालिका ऐकली आहे का?" त्या मुलीने विचारलं.

"मी ड्रायव्हर आहे. लग्नात ड्रायव्हरलाही जेवण असतं, मग इथं नंबर नको?"

मृदुलाने वर पाहिलं. "सांगा, दुसरं नाव काय?" मी शशीकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते, आणि तो सवयीने गप्प होता. मीच त्याला गप्प बसायला शिकवलं होतं. शेवटी मी म्हणालो, "प्रकाश." चारचौघांत ते नाव माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. आयुष्यात एकदाच मी आधी बोललो आणि हरलो नाही. तिने लिहिलं, "शशी आणि प्रकाशसाठी. कुलूप आतून." खाली तिची आणि देवेनची सही.

परत येताना तो चित्र मांडीवर धरून बसला होता. "नाना, कुठं लावू?" मला काय बुद्धी झाली... मी म्हणालो, "कपाटाच्या दाराला आतून लाव. लग्न होईपर्यंत." त्याने तेच केलं. कपडे काढायला दार उघडायचा, तेवढंच दिसायचं.

पुतणीचं लग्न झालं. धुमधडाक्यात झालं. शशीने आठ दिवस राबून मांडव सांभाळला. मग मी दादाकडे गेलो. तो म्हणाला, "तिचं सासर जुन्या वळनाचं हाय, एक वरीस जाऊ दे." वर्ष गेलं. मग तिचं बाळंतपण. मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. सौदा त्याने कधी मोडला नाही, नुसता लांबवला. मोडला असता तर भांडता आलं असतं. प्रकाशने रहाटणीच्या घरात शशीसाठी एक कपाट रिकामं ठेवलं होतं. ते चार वर्षं रिकामंच राहिलं. शशी मला एकदाच म्हणाला, "नाना, मी भंडारा लावून घेतलाय, मी कसा मोडू?" मी म्हणायला हवं होतं, मोड. मी म्हणालो, "थोडं थांब. मी बोलतो."

त्या सकाळी दवाखान्यातून प्रकाशला फोन मीच केला. त्याने कुठला दवाखाना ते विचारलं. मग म्हणाला, "मी येऊ का?" परवानगी मागितली त्याने. आणि मी काय म्हणालो असेन? "थांब, मी आधी दादाशी बोलतो." मी दादाशी बोलत बसलो, दादा मला "बघू, बघू" म्हणत राहिला, आणि तोवर तिरडी बांधून झाली. प्रकाश स्मशानात पोचला तेव्हा अग्नी देऊन झाला होता. हे दादाचं नाही, माझं आहे. हे मी कुणावर ढकलत नाही.

चौकात फ्लेक्स लागला. शोकाकुल म्हणून सव्वीस नावं, दादाचा हात जोडलेला फोटो शशीच्या फोटोपेक्षा मोठा. ज्यांनी शशीला कधी नावाने हाक मारली नव्हती त्यांचीही नावं होती. प्रकाशचं नव्हतं. दहाव्याला घाटावर तो कंपनीच्या लोकांत मागे उभा होता. कुणीतरी विचारलं, हा कोण. दादा म्हणाला, "कंपनीतला हाय."

तेराव्यानंतर दादाने शशीच्या खोलीला कुलूप लावलं. ज्या दाराला शशीला आतून कधी कडी लावता आली नाही, त्याला बाहेरून कुलूप. प्रकाशला घड्याळ नको, मोबाइल नको, कपडे नकोत. त्याला ते चित्र हवंय. मी चारदा मागितलं. माझ्या पद्धतीने मागितलं, चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून. परवा दादा म्हणाला, "वरीसश्राद्ध हू दे, मग बघू."

म्हणून हे पेपरच्या पुरवणीसाठी लिहिलंय. प्रकाशला आधी वाचून दाखवलं. विचारलं, तुझं नाव बदलू का? तो म्हणाला, "नको नाना. कुठेतरी तरी शेजारी छापून येऊ दे."

दादा, पुरवणी चौकात येते, तू वाचशील. शशीचं लोखंडी कपाट त्या खोलीत आहे, दाराच्या आतल्या बाजूला बंद शटरचं चित्र आहे, त्यावर दोन नावं आहेत, आणि किल्ली तुझ्या कंबरेला आहे. मला वर्षश्राद्धाची तारीख सांगू नकोस. भंडारा उचललास तेव्हा शब्द पाळायचं तुझ्या मनात होतं की नव्हतं, एवढंच सांग. मला नको, रहाटणीला जाऊन प्रकाशला सांग. इतकी वर्षं तू बोलायची मी वाट बघितली. आज मी आधी बोललोय, सगळ्यांसमोर. आता तू बोल.