पहिल्या पटावरचा शेवटचा डाव

पाचवीत असताना मी आमच्या शाळेच्या बुद्धिबळाच्या टीममध्ये पहिल्या पटावर खेळायचे. टीम चार जणांची. दुसऱ्या पटावर माझी मैत्रीण, कॅम्प-१ या कामगार वस्तीत आमच्याच गल्लीत राहणारी. तिसऱ्या आणि चौथ्या पटावर आमच्या वर्गातले दोन मुलगे. शाळेत बुद्धिबळ येणारं मोठं माणूस एकही नव्हतं. खेळाच्या मॅडम खो-खोच्या होत्या, त्यांना घोडा कसा चालतो हेसुद्धा आम्हीच सांगितलं होतं. त्यामुळे शिकवायला माझे बाबा यायचे. ज्या आठवड्यात त्यांची नाइट शिफ्ट असेल त्या आठवड्यातल्या शनिवारी ते सकाळी घरी येऊन दोन तास झोपायचे, तोंड धुवायचे आणि सुजलेल्या डोळ्यांनी शाळेत हजर व्हायचे.

बाबा स्वतः स्टील प्लांटच्या रेस्ट रूममध्ये, डब्यानंतरच्या अर्ध्या तासात शिकले होते. पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही. पण समजावून सांगण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. त्यांचा एकच मोठा नियम होता. चाल करायच्या आधी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचं आणि मनात विचारायचं, मी इथे गेलो तर मला कोण मारतं? शाळेत सगळ्यांशी ते हिंदीतच बोलायचे, म्हणून टीमला ते सांगायचे, "पहले पूछो, कौन मारेगा?" घरी मात्र, पलंगावर पट मांडून बसलो की, तेच वाक्य आमच्या भाषेत यायचं. "हात दाब. इचार, कोन मारते?"

आमची भाषा तेव्हा फक्त घरात चालायची. गल्लीत हिंदी, शाळेत हिंदी, भांडणात छत्तीसगढी. बाबा, आई आणि उतई गावचे मामा एवढ्यांशीच मी मराठी बोलायचे. त्यामुळे ते "कोन मारते" माझं एकटीचं आहे असं मला वाटायचं.

आणखी एक गोष्ट घरातली होती. बाबांचा एक आवडता डाव होता. पांढऱ्याने सुरुवातीलाच एकामागून एक दोन प्यादी फुकट द्यायची. समोरचं मूल खूश होऊन ती खात बसतं, तोवर आपले दोन्ही उंट बाहेर येतात आणि तिरप्या रेषांवरून त्याच्या राजाच्या दिशेने रोखून बसतात. मग दहा-बारा चालींत खेळ संपतो. हा डाव त्यांनी चौघांनाही शिकवला होता. पण त्यावर तोड काय, हे फक्त मला सांगितलं होतं. काळ्याने हाव सोडायची आणि लगेच वजिरापुढचं प्यादं दोन घरं ढकलून परत द्यायचं. मग पांढऱ्याचा सगळा जोर निघून जातो.

"हे बाहेर कोनाले सांगू नको," बाबा म्हणाले होते. "टीमले बी नाही. पोरं बोलून टाकतात. आपल्या दोघांतच राहू दे."

मी मैत्रिणीलाही सांगितलं नाही. ती दोनदा विचारून रुसली, तरी सांगितलं नाही.

स्पर्धा डिसेंबरात होती, प्लांटच्या वसाहतीतल्या एका सेक्टरमधल्या मोठ्या हॉलमध्ये. प्राथमिक शाळांच्या टीम होत्या, दोन दिवसांत पाच फेऱ्या. आम्ही पहिल्या तीन जिंकलो, चौथी बरोबरीत सुटली. दोन्ही उंटांचा डाव मी दोनदा खेळले आणि दोन्ही वेळा समोरच्याला रडवलं. शेवटची फेरी जिंकलो असतो तर आम्ही पहिले आलो असतो आणि राज्याच्या स्पर्धेला गेलो असतो. मॅडमनी तर रायपूरला जाताना कोणते स्वेटर घालायचे तेही ठरवून टाकलं होतं.

शेवटच्या फेरीत समोर जुनवानीकडची एक इंग्रजी शाळा होती. माझ्यासमोर एक मुलगी बसली. माझ्याएवढीच, दोन घट्ट वेण्या, चष्मा. हात मिळवताना ती हसली. पालक दोरीच्या पलीकडे उभे होते. त्यांत बाबा होते.

पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे आल्या. मी पहिलं प्यादं दिलं. तिने खाल्लं. दुसरं दिलं. तेही खाल्लं. माझा दुसरा उंट बाहेर आला आणि मी पाठ टेकून बसले, कारण इथून पुढे समोरचं मूल गोंधळतं हे मला माहीत होतं.

ती गोंधळली नाही. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. ओठ हलले. हॉलमध्ये घड्याळांच्या टकटकीशिवाय आवाज नव्हता, म्हणून मला ते नीट ऐकू आलं.

"कोन मारते," ती पुटपुटली.

उच्चार वेगळाच होता. एखादा मंत्र पाठ केल्यासारखा, अर्थाशी काही देणंघेणं नसलेला. मग तिने उजवा हात काढला आणि वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं.

मी मागे वळून पाहिलं. खेळताना पालकांकडे बघायची मनाई होती, तरी पाहिलं. बाबा माझ्याकडेच बघत होते. आमची नजर भेटली तशी त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या फेऱ्यांच्या तक्त्याकडे पाहायला सुरुवात केली. त्या तक्त्यात आता पाहण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

तेव्हा मला बुधवार आठवले. दिवाळीपासून दर बुधवारी बाबा जुनवानीला जायचे. एका दोस्ताच्या घराचं काम चालू हाय, थोडी मदत करतो, असं सांगायचे. येताना त्यांच्या कपड्यांवर कधी सिमेंटचा डाग नसायचा. हे मला तिथे, त्या खुर्चीवर बसून लक्षात आलं.

पुढचा डाव मी खेळले म्हणजे माझा हात खेळला. वजिरावजिरी झाली, दोघींचेही वजीर गेले. डाव तसा बरोबरीचा होता, बाबांनी त्याच्या पुढचंही मला शिकवलं होतं. पण प्रत्येक चालीला मला वाटायचं, हेही तिला माहीत असणार. आमच्या पलंगावरचं सगळंच तिला माहीत असणार. शेजारी मैत्रीण जिंकली. तिसऱ्या पटावर बरोबरी झाली, चौथ्या पटावरचा मुलगा हरला. दोन्ही शाळा दीड-दीडवर आल्या आणि सगळे माझ्या टेबलाभोवती येऊन उभे राहिले.

मी हात दाबले नाहीत. ते वाक्य मला मनात म्हणवेना. तसाच हत्तीला हात लावला, आणि लावल्यावर दिसलं की हा हलला की मागचा घोडा जातो. पण हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते. मी हत्ती हलवला. तिने पुन्हा हात दाबले, पुन्हा पुटपुटली आणि घोडा उचलला. पंधरा चालींनंतर मी हार मानून हात पुढे केला.

"अच्छा खेला तुमने," ती म्हणाली. खोटं नव्हती बोलत.

आम्ही चौथे आलो. मैत्रीण माझ्या शेजारी उभी राहून प्रमाणपत्राची गुंडाळी करत होती. "तेरे को क्या हो गया था? हाथी क्यूं उठाया?" तिने विचारलं.

"सिर दुख रहा था," मी म्हणाले.

बाबा सगळ्यांच्या पाठीवर हात ठेवत होते. चौथ्या पटावरचा मुलगा रडत होता, त्याला ते सांगत होते, "कोई बात नहीं बेटा, अगले साल." तो त्यांना बिलगला होता. मला वाटत होतं, मोठ्याने सांगून टाकावं सगळ्यांना. सांगितलं नाही. माझे बाबा असे आहेत हे त्या तिघांना कळू नये, एवढंच मला हवं होतं.

घरी आल्यावर आई कणीक मळत होती. बाबा चप्पल काढत होते तेव्हाच मी विचारलं.

"बाबा, तिले तुमी शिकवता?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. "हो," म्हणाले. "आमच्या साहेबाची पोरगी हाय. त्यायनं एक दिवस मले खेळताना पाह्यलं. म्हनले, हिले थोडं शिकवून द्या."

"साहेबानं जबरदस्ती केली काय?"

"नाही वं. जबरदस्ती कायची."

"मंग मले कावून नाही सांगतलं?"

उत्तर आईने दिलं. "मीच म्हनलं सांगू नका म्हनून. तुले वाईट वाटलं असतं."

म्हणजे आईलाही माहीत होतं. दर बुधवारी दोस्ताच्या घराचा स्लॅब टाकून झाला का, हे ती माझ्यासमोर त्यांना विचारायची. आणि ते सांगायचे.

मी आईकडे पाहिलं नाही. बाबांनाच विचारलं, "शिकवा तुमी तिले. पन तोड कावून सांगतली? मी टीममधल्या कोनाले बी नाही सांगतली."

बाबांनी चपला भिंतीशी सरळ लावून ठेवल्या. मग जे बोलले ते मला वाटतं त्यांना बोलायचं नव्हतं, पण मला खोटं सांगायचं आता त्यांच्या जिवावर आलं होतं.

"मी सांगतली नाही. तिनंच काढली," ते म्हणाले. "मी डाव दाखवला. ती पाहत राह्यली, पाहत राह्यली. मंग म्हने, अंकल, ये प्यादा वापस दे दूं तो? मले इतकं..." इथे ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखत होते. शाळेत कोणी पहिल्यांदा मात दिली की ते असे दिसायचे. "मले इतकं बरं वाटलं पाय. इतक्या वर्षांत कोनी हे स्वतःहून नव्हतं इचारलं."

कोणी म्हणजे मीही नाही. मला त्यांनी सांगावं लागलं होतं.

त्यांनी साहेबाला घाबरून शिकवलं असतं, शिफ्ट बदलून मिळावी म्हणून शिकवलं असतं, तर मी चार दिवस रुसून विसरले असते. पण ते जुनवानीला आनंदाने जात होते. आणि तिथे इतके रमत होते की टीमसमोर कधी न विसरलेली हिंदी तिच्यासमोर विसरून ते "कोन मारते" म्हणून गेले होते.

पुढे बाबा शाळेत आले त्या शनिवारी मी पोट दुखतंय म्हणून बाकावर पडून राहिले. त्यानंतर ते आले त्या शनिवारीही. सहावीत शाळा बदलली. तिथे बुद्धिबळाची टीम होती, पण मी नाव दिलं नाही. बाबांनी एकदा विचारलं, "खेळत नाही काय आता?" मी म्हणाले, "अभ्यास असते." मैत्रीण मात्र दोन वर्षं आमच्या घरी येऊन बाबांकडून शिकत होती. ते दोघं पलंगावर बसायचे आणि मी बाहेर ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचे. तिला मी खरं कधीच सांगितलं नाही. अजूनही ती समजते की त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं.

साहेबाची बदली झाली, ती मुलगीही त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावी गेली. बाबा रिटायर झाले. आमच्यात भांडण असं कधी राहिलं नाही. मी रायपूरला नोकरी करते, पंधरा दिवसांनी घरी जाते, त्यांची औषधं आणते, प्लांटमधल्या जुन्या लोकांच्या गोष्टी ऐकते. मागच्या हिवाळ्यात आम्ही अंगणात उन्हात बसलो होतो. संत्र्याची साल काढता काढता ते एकदम म्हणाले, "मी तुले तवाच सांगाले पाह्यजे होतं. लपवलं, ते चुकलं माझं."

वीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. "जाऊ द्या बाबा," मी म्हणाले, आणि ते सुटल्यासारखे हसले. त्यांना वाटतं, मला लपवल्याचं दुःख होतं. ते मी केव्हाच सोडून दिलं. त्या मुलीच्या प्रश्नाची गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा जसा उजळला होता, तो अजून मला सोसत नाही. पण त्याबद्दल कोण कशी माफी मागणार? त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं, आणि मी ते खाल्लं.