चांदीच्या पोटातले भाडेकरू

रस्त्यात शेण दिसलं की तुम्ही-आम्ही पाय चुकवतो. आमच्या सोसायटीतल्या डॉक्टरबाई थांबायच्या. पदर खोचून खाली बसायच्या, काटकीने शेण उकलायच्या आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "बघा की! काडी जशीच्या तशी बाहेर आलीय. आतले उपाशी आहेत."

सकाळी आमच्याबरोबर फिरायला येणाऱ्यांनी हळूहळू वेगळे रस्ते धरले. मी टिकलो, कारण मला गंमत वाटायची. पुढे ऐकायचीही सवय लागली.

बाई गुरांच्या डॉक्टर. सगळी नोकरी साताऱ्याकडे झाली, निवृत्तीनंतर लेकीजवळ म्हणून उलव्यात आल्या. वर्षभरात लेकीची बदली बंगळुरूला झाली. बाई मात्र इथेच राहिल्या. "तिथं बाराव्या मजल्यावरून मला गाय दिसणार आहे का?" असं लेकीला फोनवर विचारताना मीच ऐकलंय.

उलव्यात मोकळे प्लॉट अजून आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावर कमरेएवढं गवत वाढतं, दिवाळीनंतर ते वाळून पिवळं पडतं. जुन्या गावांतल्या गाई तिथे दिवसभर चरतात, तरी उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या बरगड्या वर येतात. तुम्हीही पाहिलं असेल. मला वाटायचं, मालक हयगय करत असतील.

"मालकाचा दोष नाही ओ," बाई म्हणाल्या. "गाय म्हणजे एक चाळ. पोटात कोट्यवधी भाडेकरू, डोळ्यांना न दिसणारे. गवत पचवतात ते. पण वाळलेल्या गवतात त्यांच्यासाठी नत्रच उरत नाही. ते उपाशी, म्हणून गवत तसंच पडून राहतं. पोट भरलेलं, त्यामुळे गाय आणखी खात नाही. आणि अंग झडत जातं."

ही चाळ त्यांनी सगळ्यांना ऐकवली होती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये इमारतीला बाहेरून रंग द्यायचा विषय निघाला, तेव्हा बंद लिफ्टकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "आधी आतल्यांचं बघा." ठराव बारगळला.

मागच्या गावातल्या हिराबाय आमच्या रोजच्या वाटेवरच्या. शेतं नव्या शहरासाठी गेली, चार गाई तेवढ्या राहिल्या. त्यातली चांदी गाभण होती आणि इतकी वाळली होती, की बसली तर तिला उठवायला दोघं लागत. मुलाने तिला गोशाळेत सोडायचं ठरवलं, टेम्पोही सांगून ठेवला. त्या दिवसापासून चांदीच्या पाठीवरून हिराबायचा हात निघेना.

बाईंनी उपाय सांगितला. नत्र कशातून द्यायचं, तर युरियातून. हिराबाय एकदम उभ्या राहिल्या.

"युरिया? भातान टाकतान तो? डाक्टरबाय, तुमी माजी गाय माराल! माज्या दिराची म्हैस तशीच गेली. बादलीनचा पानी पिली आनि पाय ताठ."

बाई हसल्या नाहीत. "खरं आहे. पाण्यातून भसकन पोटात गेला की ते विषच. म्हणून तर मी त्याची वीट करणार, दगडासारखी घट्ट. दिवसभर चाटली तरी थोडाच पोटात जाईल. आणि पहिल्या दिवशी मी इथून हलणार नाही."

"आनि काय झाला तर?"

"म्हणूनच बसणार आहे."

हिराबायने मुलाला फोन करून टेम्पो पुढे ढकलायला सांगितला.

वाशीच्या मार्केटमधले बाईंच्या गावाकडचे एक हमाल साखर कारखान्याची काळी मळी डब्यातून घेऊन आले. तिच्यात कोंडा, मीठ, चुना आणि तोलून घेतलेला युरिया मिसळून बाईंनी गॅलरीत विटा वाळत घातल्या. मुंग्यांची रांग थेट सेक्रेटरींच्या दारापर्यंत गेली. "मॅडम, कंप्लेंट आलीय," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. "कुणाची, मुंग्यांची?" बाईंनी विचारलं. सेक्रेटरी हसत हसत परत गेले.

रविवार होता, म्हणून मीही गोठ्यात गेलो. चांदीला आधी पोटभर गवत घातलं आणि मग वीट ठेवली. तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्यांदाही तसंच. हिराबायने विटेवर चिमूटभर मीठ चोळलं, तेव्हा कुठे जीभ बाहेर आली. एकदा लागलेली चव चांदी सोडेना. आणि तेवढ्यात विटेचा एक कोपरा तिच्या दातात तुटला.

बाईंनी झटकन वीट काढून घेतली, पण तुकडा पोटात गेला होता.

"केवडा गेला?" हिराबायने विचारलं.

"सुपारीएवढा. एवढ्याने काही होत नाही," बाई म्हणाल्या. तरी युरिया बाधलाच तर उतारा म्हणून त्यांनी मला घरून व्हिनेगरच्या बाटल्या आणायला पिटाळलं. मी धापा टाकत परतलो, तेव्हा त्या चांदीच्या डाव्या कुशीत मूठ रोवून डोळे मिटून उभ्या होत्या. पोट आतून हलतंय का, ते बघत होत्या. ऊन कलेपर्यंत त्या तशाच होत्या, मध्ये मध्ये खुर्चीवर टेकायच्या आणि परत उठायच्या. हिराबायने दिलेला चहा तिथेच गार झाला.

शेवटी चांदी खाली बसली. तिला उठवायला मी पुढे झालो. पण तिने मान वर केली, आतून एक घास वर आणला आणि संथपणे रवंथ करू लागली.

बाईंनी घाम पुसला. हिराबाय त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "मना वाटला तुमाला भ्याव नसल."

"भ्याव असावं की," बाई म्हणाल्या. "हात जपून चालतो."

त्यानंतरच्या विटा त्यांनी अधिक चुना घालून घट्ट केल्या. काही आठवड्यांत चांदी गवतावरून तोंड उचलेना, अंग भरलं, पाठीवर तकाकी आली. एका सकाळी हाक न मारताच ती आपली आपण उठली. हिराबायने ही बातमी सांगायला बाईंना फोन केला, पण रडू आवरेना, म्हणून फोन मुलाकडे दिला. टेम्पोचा विषय त्यानेच बंद केला. विटा कशा करायच्या ते बाईंनी त्या दोघांना शिकवलं.

चांदीला कालवड झाली. हिराबाय खरवसाचा डबा घेऊन पहिल्यांदाच आमच्या सोसायटीत आल्या आणि बाईंच्या सोफ्यावर मांडी घालून बसल्या. दोघी दिवसभर गुरांबद्दल बोलत होत्या.

यंदा लेकीला बाळ झालं आणि बाईंना बंगळुरूला जावंच लागलं. नव्या विमानतळावर सोडायला मी टॅक्सीत बरोबर होतो. कोपऱ्यावर वळलो तर रस्त्याच्या मधोमध गाई रवंथ करत बसलेल्या. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला.

"थांबा ओ," बाई म्हणाल्या. "जेवत्या माणसाला कुणी उठवतं का?"

त्या उतरल्या. मागे गाड्या तुंबल्या, कुणीतरी ओरडलं. आमच्या डोक्यावरून एक विमान खाली उतरत गेलं. बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यात म्हाताऱ्या गाईशेजारी पर्स सांभाळत त्या उभ्या होत्या, आणि गाईचा जबडा हळूहळू फिरत होता.