अर्जुना यायच्या आत

शालूवैनींचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. त्यामुळं कुंडलातल्या बाकीच्या बायका ऐकीव सांगतात, ते मी पाहिलेलं सांगते. एकाहत्तरची दिवाळी होऊन गेली होती. दिवेलागणीला पुढच्या सोप्यात रॉकेलची चिमणी कडब्यावर कलंडली आणि आग भडकली. वैनींचे मालक धोंडिरामभावजी बैलांची दावी कापायला आत गेले. बैल बाहेर आले आणि मागोमाग छप्पर खाली बसलं. भावजी आतच राहिले.

एकुलता एक अर्जुना तेव्हा पलटणीत, सरहद्दीवर होता. लढाई तोंडावर आलेली. पोरगं बंदूक धरून उभं असताना त्याला असलं काही कळवायचं नाही, असं दीर केरबानं ठरवलं आणि भावकीनं माना डोलावल्या. अग्नी केरबानंच दिला. वैनी काही बोलल्या नाहीत, रडल्याही नाहीत. बाई दगड झाली, असं बायका म्हणायला लागल्या. मला त्यांचा राग यायचा. दगड काय भाकऱ्या थापतो? वैनी रोज थापत होत्या. तव्यावर बोट भाजलं तरी त्यांना कळत नव्हतं, एवढंच.

लढाई संपली. शिमग्याला अर्जुना सुट्टीवर येतोय असा निरोप आला, तेव्हा वैनी पहिल्यांदा आपणहून बोलल्या.

"भामे, त्यो दारात आला की त्येला जळाल्याचा वास यील. वासानं कळाया नगं. आदी भाकरी खाऊ दे, मग मी सांगीन. माज्या तोंडानं."

वाटेनं आलेल्या माणसाला उपाशीपोटी वाईट बातमी द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. वैनींकडं धरायला आता तेवढंच उरलं होतं.

केरबानं सोपा पत्रे टाकून उभा केला होता आणि घाईनं भिंतींना चुना फासला होता. घोटाळा तिथंच झाला. काजळीवरच चुना मारलेला, त्यामुळं थोड्याच दिवसांत पिवळे डाग वर आले. चूल पेटली, भिंत तापली की वास परत सुटायचा. कुणी सांगे ऊद घाला, कुणी सांगे लिंबाचा पाला जाळा. धूर घालवायला धूर करायचा, ही अक्कल! शेवटी आम्ही दोघींनी विळे घेतले आणि चुना, काजळी, जुना गिलावा, सगळं कच्च्या विटेपर्यंत खरवडून काढलं. वर शेणमातीचा नवा गिलावा दिला, तो वाळल्यावर चुना. गोधड्या सोड्याच्या पाण्यात उकळून ओढ्यावर बडवल्या. एक तुळई अर्धीच जळाली होती, सुताराला ती अजून चालण्याजोगी वाटत होती. वैनींनी ती गुऱ्हाळाच्या चुलाणात घालायला पाठवून दिली. आमचे हात सोलून निघाले. काम करता करता त्या भिंतीला नाक लावायच्या आणि मला म्हणायच्या, तू हुंग, मला काय कळंना झालंय. मी हुंगायची. वास यायचा. पुन्हा विळा घ्यायचा.

एक दिवस मलाही येईना, तेव्हा थांबलो.

गावानं तोंडाला कुलूप घातलं होतं. एसटीतून उतरल्यापासून घरापर्यंत अर्जुनाशी कुणी धड बोललं नाही, रामराम घालून जो तो वळला. वैनींनी पदर भुवयांपर्यंत ओढला होता. पांढऱ्या कपाळाला गिलावा थोडाच देता येतो. अर्जुना आला, वाकून पाया पडला, ट्रंक ठेवली आणि खाली मान घालून बसला. वडील कुठं आहेत, हे त्यानं विचारलं नाही. दमला असेल, असं मला वाटलं. वैनींनी भाकरी आणि पिठलं वाढलं. तो मुकाट्यानं सगळं जेवला. त्यानं ताटात हात धुतला, वैनी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलला.

"आये, मला म्हाईत हाय. कडेगावचा गडी भेटला व्हता जम्मूला. तवाच कळलं."

वैनींनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"तवा रडाया आलं न्हाई. ड्यूटी व्हती," तो ताटाकडं बघत म्हणाला. "वाटलं, घरात पाऊल टाकलं की जळाल्याचा वास यील, मंग तरी रडाया यील. आल्यापास्नं हुंगतोय. हितं तर कायबी न्हाई."

सोललेले हात मी पदराखाली घेतले.

वैनी उठून त्याच्यापुढं जाऊन बसल्या. कपाळावरचा पदर त्यांनी मागं सारला आणि त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"हितं बघ," त्या म्हणाल्या.

आल्यापासून तो तिथंच बघायचं टाळत होता. आता बघितलं आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून तो लहान पोरासारखा रडायला लागला. त्याच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता वैनींनाही हुंदका फुटला. एवढ्या महिन्यांत त्यांचं रडणं मी पहिल्यांदाच ऐकलं.