तिच्या नावाची मूठ

माझी एक मैत्रीण होती, ती माझ्याशिवाय कोणालाच दिसत नसे. मी पाच-सहा वर्षांची असेन. आमचं गाव धुळ्याकडचं, घर शेतकऱ्याचं. आई दिवसभर निंदणीला जायची आणि घरात माझ्याशी बोलायला कोणालाच सवड नव्हती. म्हणून ती आली. धान्याच्या कणगीमागे बसून आम्ही तासन्‌तास गप्पा मारायचो. सगळ्यांना ते ठाऊक होतं. पोर जरा येडी आहे म्हणून हसायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

त्या श्रावणात नेहमीप्रमाणे घरात कानबाई देवी बसली. कानबाईच्या रोटाचं आमच्याकडे मोठं प्रस्थ. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळून रोट करायचे आणि फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याच्या तोंडी कण गेला तरी रोट बाटला. माझा भाऊ तेव्हा पाळण्यात होता, तोंडात एक दात नव्हता, पण त्याच्या नावाची मूठ माझ्या मोठ्या चुलतीनं चांगली दाबून भरली होती.

जेवायला बसल्यावर मी माझ्यातला अर्धा रोट मोडून शेजारच्या रिकाम्या पाटावर ठेवला. चुलतीनं विचारलं, हा कोणाला? मी सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. कुठं राहते म्हणाली. मी आपलं सांगून टाकलं, नाल्यापलीकडे. मला नाला आवडायचा, एवढंच. पलीकडे कोणाची वस्ती आहे आणि तिथलं पाणीसुद्धा आम्हाला चालत नाही, हे मला काय कळणार? आजोबांनी आपलं ताट दूर सारलं.

"तिनी जात कोनती शे?"

इतकी वर्षं झाली, तरी हे आठवलं की डोकं तापतं. चांगली मिशाळ, गावच्या पंचायतीत निवाडे करणारी माणसं ही! कालपर्यंत जी नव्हतीच, तिला आज जात फुटली. घास द्यायला ती नव्हती, रोट बाटवायला मात्र होती.

मी घाबरून म्हटलं, ती माझी बहीण आहे.

"मंग तिना नावनी मूठ कुठे शे?" चुलती म्हणाली.

"मन्हा नावनी बी नही."

चुलतीनं माझ्या मुस्कटात मारली. आई वाढत होती, तिनं मानही वर केली नाही. आजोबांनी मला उंबऱ्यापाशी उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तिला हाकलायला लावलं. तू आमची नाहीस, परत येऊ नकोस, असं मी रडत रडत म्हटलं. मग पाटावर गोमूत्र शिंपडलं गेलं आणि पंगत पुन्हा जेवू लागली.

ती परत आली नाही. तिचं बरं झालं, ती सुटली. मला लग्न होईपर्यंत त्याच घरात राहायचं होतं.