बारा नंबरचे चार सिलिंडर

जुन्या फ्रिजमध्ये जो गॅस असायचा त्याला आमच्या धंद्यात बारा नंबर म्हणतात. तो वर जाऊन ओझोनचा थर खातो, म्हणून त्याचं उत्पादन बंद झालं. बंद होणार हे कळल्यावर माझ्या नवऱ्याने, लोक दिवाळीआधी साखर भरून ठेवतात तसे, त्याचे सिलिंडर आणून ठेवले. पनवेलमध्ये आमचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्ती तो करतो. फोन, तक्रारींची वही, सुटे भाग आणि गिऱ्हाइकांची बोलणी माझ्याकडे. मागच्या खोलीतल्या सिलिंडरांवरची धूळही माझ्याकडेच.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका कंपनीतली बाई दुकानात आली. असा जुना गॅस गोळा करून मोठ्या भट्टीत नष्ट करायचा, हे तिचं काम. आमच्याकडे चार सिलिंडर होते, त्यातला एक सील फोडलेला, अर्धामुर्धा.

"नष्ट केला नाही तर आज ना उद्या गळून हवेत जाणारच," ती म्हणाली. "यातला एक किलो हवेत जाणं म्हणजे दहा टन कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं आहे. तेवढं वाचवल्याचं प्रमाणपत्र आम्हाला मिळतं. ज्या कंपन्यांना स्वतःचा धूर कमी करणं जमत नाही, त्या ते विकत घेतात."

"म्हणजे उपास आपण करायचा आणि फराळ त्यांनी," नवरा म्हणाला.

"काका, गॅस तुमच्या मागच्या खोलीत राहिला तर त्यांचा धूर थांबणार आहे का?"

मलाही हा सौदा फार सोवळा वाटला नाही. पण दोन सिलिंडरांच्या बुडाला गंज धरला होता, ते मला रोज दिसत होतं. दुसऱ्याच्या पापाचा निवाडा करत बसले असते तर तेवढ्यात आमचा गॅस निघून गेला असता. मी हो म्हटलं.

तिने फॉर्म दिला. त्यात दोन गोष्टी होत्या. सगळा साठा जाहीर करायचा आणि सही केल्यावर हा गॅस पुन्हा वापरायचा नाही. शिवाय आधी जो वापरला तो कुठे वापरला, तेही लिहायचं. गाडी शुक्रवारी येणार होती.

ती गेल्यावर नवरा म्हणाला, "एक सिलिंडर लिहू नकोस."

"का?"

"मावशीच्या फ्रीझरचं काय करू मग?"

मावशी म्हणजे खाडीकाठच्या कोळीवाड्यातली आमची जुनी गिऱ्हाईक. बाजारात मासे विकते. पावसाळ्यात मासेमारीची बंदी लागण्याआधी ती सुरमई, हलवा, कोळंबी साठवते आणि बंदीच्या दिवसांत विकते. सबंध पावसाळ्याचं घर त्या एका फ्रीझरवर चालतं. फ्रीझर तिच्या धाकट्या मुलाच्या वयाचा, जाड भिंतींचा, बारा नंबरवर चालणारा. दर मे महिन्यात त्याचा गॅस कमी होई आणि नवरा जाऊन भरून येई. बंदीला दोन आठवडे राहिले होते.

खोटं लिहून सही करणं मला जमत नाही. सचोटी वगैरे दूर राहू दे, खोटं पुढे लक्षात ठेवायला लागतं, याचाच मला कंटाळा. "आधी वही बघू," मी म्हटलं.

गॅस कुठे वापरला हे शोधायला मी तक्रारींच्या जुन्या वह्या काढल्या. बाकीची घरं एकदा, फार तर दोनदा. मावशीचं नाव मात्र दर मे महिन्यात. पंधरा वर्षं. तिच्या फ्रीझरमध्ये एका वेळी जेवढा गॅस मावतो, त्याच्या कितीतरी पट आम्ही त्यात ओतला होता. तो आत नव्हता, म्हणजे वर गेला होता. आम्ही समजत होतो की फ्रीझर चालू ठेवतोय.

"गळती कुठे आहे ते कधी बघितलंत?" मी विचारलं.

"जुना माल आहे गं. आतल्या कॉइलमध्ये असणार. सगळं फोडायला लागेल."

"असणार, की बघितलं?"

बघितलं नव्हतं. दोष एकट्या त्याचा नाही. आमच्या धंद्यात गॅस कमी झाला की भरायचा, असंच चालतं. शोधायला अर्धा दिवस जातो, भरायला वीस मिनिटं. आणि त्याला घाईने पाठवणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. मावशी दारातच कोळंबी सोलत होती.

"आज बायको पन आयली? हलवा खायाला आयलाव का काय?"

"मावशी, आधी गळती शोधायची आहे. त्याशिवाय गॅस भरायचा नाही."

"नाय भरायचा? मंग मासली काय माज्या मांडीवर ठेवू?"

नवऱ्याने फ्रीझर बंद केला, थोडा वेळ जाऊ दिला आणि साबणाचा फेस करून नळ्यांच्या एकेका जोडावर लावत गेला. कुठेच काही नाही. शेवटी गॅस भरायच्या व्हॉल्व्हला फेस लावला. फेसातून बारीक बुडबुडे येऊ लागले, सावकाश, एकामागोमाग.

तो व्हॉल्व्ह कारखान्यातून आलेला नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा गॅस भरताना, पुढच्या वेळी सोपं जावं म्हणून, नवऱ्यानेच बसवला होता. आतलं रबर झिजलं होतं, वरची टोपी कधीच हरवली होती. त्याने फेसाची वाटी खाली ठेवली आणि तो व्हॉल्व्ह मला दाखवला.

मी मावशीला सरळ सांगितलं. तिने कोळंबीचं ताट बाजूला ठेवलं.

"म्हंजे पंधरा वरीस फुटक्या मडक्यान पानी भरला तुमी? नि भोक पन तुमीच पाडलेला?"

"हो."

"नि मी याला दर साली हलव्याचा तुकडा खिलवतंय!"

नवरा खाली मान घालून म्हणाला, "चुकलं मावशी."

"ता जाऊ दे. आता थंड राहील का नाय, तेवरा सांग."

मी तिथूनच कंपनीच्या बाईला फोन लावला. सही करायच्या आधी फोडलेल्या सिलिंडरमधून शेवटचा एकदा गॅस भरणार आहोत, वजन तेवढं कमी भरेल, असं सांगितलं. "सहीच्या आधीचं तुमचं तुम्ही ठरवा, पण फॉर्मवर लिहा," ती म्हणाली. नवऱ्याने गॅस भरला, नळी चिमटून बंद केली, व्हॉल्व्ह कापून टाकला आणि नळीचं तोंड डाग देऊन झाळून टाकलं. पुन्हा फेस लावला. बुडबुडा आला नाही. तरी मी मावशीला सांगितलं की बंदीत फ्रीझर बिघडला तर दुकानातला आमचा फ्रीझर तुमच्याकडे आणून ठेवीन. शुक्रवारी चारही सिलिंडर गेले.

फ्रीझर पावसाळाभर चालला. जुलैमध्ये मी फोन केला तेव्हा मावशी म्हणाली, "चालतंय. नवऱ्याला सांग, यंदा हलवा आमीच खाल्ला."

पण माझं काम तिथे संपत नव्हतं. तसले व्हॉल्व्ह आम्ही त्या काळी खोकंभर आणले होते आणि खोकं रिकामं झालं होतं, म्हणजे ते सगळे कुणाच्या ना कुणाच्या फ्रिजला बसले होते. गॅस कुठलाही असो, गळती तीच. मी वह्या घेऊन बसले आणि एकेका घरी फोन करायला लागले. काही नंबर बंद होते, काही घरं नवीन पनवेलला गेली होती. रोडपालीच्या एका बाईने विचारलं, "पण आमची काहीच तक्रार नाहीये हो. फ्रिज मस्त चाललाय. तुम्हाला कशाला यायचंय?"

मी तिला सांगितलं की आम्ही बसवलेला एक भाग तपासायचा आहे, बहुतेक तो आमच्याकडून चुकलाय. मग तिने रविवारी सकाळी यायला सांगितलं.