नातीसाठी जुनं लुगडं

गल्लीतल्या लोकहो, हा फळा पुसू नका, आधी वाचा. आज सकाळी आमची पोरगी बाळंत झाली. नात झाली. दोघीबी बऱ्या हायेत.

सुईणीनं बाळाले गुंडाळाले जुनं सुती लुगडं मांगितलं. नवं कापड टोचते. म्या पेटी उघडली, तर नुसतं नायलॉन.

"जुने लुगडे कुठं गेले वं?" सुनेले इचारलं.

"भांडेवालीले देले, मामाजी. त्याचीच तर ही स्टीलची परात आली."

"मंग पोरीले परातीत ठेवतं काय?"

शेजारी गेलो. तिथंबी तेच. घरोघरी हातमाग चालून राहिले, अन् मऊ चिंधी कोणापाशी नाही! हे नायलॉन पाणी टिपत नाही, गोधडीत बसत नाही. फाटलं का उकिरड्यावर.

शेवटी आमच्या बुढीनं, पोरीच्या मायनं, आडोशाले जाऊन दुसरं नेसलं, अन् सकाळीच नेसलेलं धुवट लुगडं फाडून देलं. म्याच इनलं होतं ते. आता तिच्यापाशी एकच उरलं.

जुनं सुती भांड्यापायी देऊ नका, थकलो गा मी सांगून सांगून. भांडेवाली उद्या पुन्हा येईन. तुमच्याबी घरी सुना-पोरी पोटुश्या हायेत. त्यायचं बाळ कशात गुंडाळसान?